रागावलेले पालक

नाही, नाही, तो तास मी घेणार नाही. बाकी काहीही सांगा — निबंध कसे तपासायचे, पोरांकडून एकच परिच्छेद पुन्हापुन्हा कसा लिहून घ्यायचा, सगळं शिकवते तुमच्या उन्हाळी शिबिरात येऊन, पण 'रागावलेले पालक' हा तास दुसऱ्या कुणाला तरी द्या. अहो, बसा ना, उभे काय राहिलात? तिथे नको, त्या खुर्चीचा पाय हलतो, इकडे बसा. कॉफी गार झाली असेल, पण आमच्याकडे अशीच मिळते. तुम्ही नवीन आहात, डॉक्टर सोलबर्ग निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलात, आणि कुणीतरी तुमच्या कानात घातलं की त्या डोंगरातल्या शाळेत लिटल बाई म्हणून एक आहे, तिने एका पालकाला फार छान हाताळलं होतं — हाताळलं! कुणाचा हा शब्द? तुमचाच? बरं. असू दे.

माझी तालीम मीच मागून घेतली होती, कुणी गळ्यात मारली नव्हती. आमच्या इथली पोरं कॉलेजात जायची आणि पहिल्या नाताळाला परत यायची. झेपत नाही म्हणायची. खाणी बंद, मग पेट्रोल पंपावर उभी राहायची नाहीतर नशेच्या गोळ्या खाऊन पडायची. म्हटलं, कॉलेजच इथे आणू या, याच बाकांवर. शाळा संपेपर्यंत कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विषय पास करून टाकायचे, फुकट, घरचं जेवून. म्हणून मी आणि डेल्मर — डेल्मर फ्यूगेट, आमचे जीवशास्त्राचे मास्तर — त्याच्या ट्रकमधून तुमच्या कॉलेजात शिबिराला गेलो. पन्नाशी उलटलेली दोन माणसं पुन्हा बाकावर! आणि सोलबर्ग बाईंनी आम्हाला सोलून काढलं हो. एकच निबंध आम्हा सगळ्यांना तपासायला द्यायच्या आणि सगळ्यांचे मार्क जुळेपर्यंत उठू द्यायच्या नाहीत. मी आपली दोन मार्क जास्तच द्यायची. का दिलेत? म्हटलं, पोर गरीब दिसतंय. तर म्हणाल्या, "मिसेस लिटल, हे दोन मार्क तुम्ही तिला देत नाही आहात, तिच्याकडून चोरताय. पुढे कुणी देणार नाही तेव्हा तिला कळेल." मला तोंडावर थप्पड बसावी तसं झालं. डेल्मरला तर सांगितलं की तुमचे प्रयोगाचे अहवाल कॉलेजच्या लायकीचे नाहीत. इतकी वर्षं बेडूक कापत आलेला माणूस! उठून बाहेर गेला आणि स्वतःच्याच ट्रकच्या दारावर अशी लाथ घातली की पत्रा आत गेला. मग परत येऊन बसला आणि वही उघडली. असा होता तो.

आणि शेवटी तो तुमचा लाडका तास. एकाने पालक व्हायचं, दुसऱ्याने शिक्षक. डेल्मर झाला बाप. आणि काय झाला! टेबलावर मूठ आपटली, कागद उडाले, माझ्या तोंडापाशी तोंड आणून ओरडला की माझ्या पोरीला तुझ्या वर्गातून काढ. आणि मी, आम्हाला शिकवलं होतं तसे, हात मांडीवर ठेवून म्हटलं, "या वर्गात ती कॉलेजची विद्यार्थिनी आहे. वर्ग सोडायचा की नाही ते ती ठरवेल. तुम्ही तिच्याशी बोला." टाळ्या पडल्या. सोलबर्ग बाई म्हणाल्या, अगदी हेच, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मला इतका आनंद झाला — खोटं कशाला बोलू — रात्री झोपताना ते वाक्य घोकत होते मी.

तर ट्रेसा. ट्रेसा आयसन. माझ्या पहिल्याच कॉलेजच्या वर्गात होती. दिसायला काही नाही, हाडं नुसती, पण लिहायला बसली की असं वाटायचं कुणीतरी कुऱ्हाडीने लाकूड फोडतंय. एक घाव, दोन तुकडे. आई गेलेली. घरात ती, धाकटी बहीण ओपल, अंथरुणाला खिळलेली आजी आणि बाप. बॉइड. बॉइडला मी शिकवलंय, साहेब, याच खोलीत, त्या खिडकीपाशी बसायचा. तेव्हाही हात चालायचाच त्याचा, पण हसायचाही. मग खाणीत छत कोसळलं, त्याच्या शेजारचे दोघे गेले, हा निघाला, आणि निघाला तो कुणी वेगळाच निघाला. थोरल्या पोराचा जबडा बिडाच्या तव्याने मोडला त्याने, जेवताना, सगळ्यांसमोर, कशावरून तर बीन्समध्ये मीठ कमी आहे असं पोरगं म्हणालं. पोरगा तोंड बांधून जो पळाला तो टेनेसीत. परत नाही आला. आता घर सांभाळायला राहिली ट्रेसा. आणि ती जर कॉलेजात निघून गेली — कळतंय ना तुम्हाला?

ऑक्टोबरात पहिल्यांदा आला. शांत. टोपी हातात धरून उभा राहिला. "बाई," म्हणाला, "पोरीला तेवढं त्या वर्गातून काढा. साधं इंग्रजी शिकवा, ते पुरे तिला. आजीला कोण बघणार?" आणि मी — हात मांडीवर — ते वाक्य. अख्खं. एक शब्द कमी नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोलले. "बाई, मी बॉइड आहे," म्हणाला. "माझ्याशी असं बोलताय?" मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. गेला. जाताना दार हळूच लावून घेतलं, ते मला आवडलं नाही. त्याच संध्याकाळी अंगणातल्या पिंपात तिची पुस्तकं जाळली त्याने. ट्रेसा दुसऱ्या दिवशी आली ती भुवया जळलेल्या. आत हात घालायला गेली होती. मी माझी पुस्तकं दिली तिला, इथेच कपाटात ठेवायची आणि इथेच बसून वाचायची.

तक्रार? केली की. फोन केला मी, एक बाई आली सरकारी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसली, बॉइडने तिला कॉफी करून दिली, गेली. आणि ती गेल्यावर काय झालं ते विचारू नका. पुन्हा फोन करू का म्हटलं तर ट्रेसा पाया पडायची बाकी राहिली — "बाई, नका. दर फोनचा हिशेब मलाच चुकता करावा लागतो."

मे महिना. परीक्षेचा आठवडा. ट्रेसा आली, उजवा हात असा, चेंडूएवढा सुजलेला, बोटं काळीनिळी. काय झालं? "ट्रकचं दार लागलं, बाई." लागलं! कुणी लावलं ते नाही बोलली. मी म्हटलं, कॉलेजला कळवते, नंतर घेतील तुझी परीक्षा. तर मान हलवली. "नंतर मी इथे असेन की नाही कुणास ठाऊक. आत्ताच देते." आणि डाव्या हातात पेन धरलं. मी पेपर तिच्यापुढे ठेवला. जवळसुद्धा घेतलं नाही. त्या दोन मार्कांची आठवण होती ना मला, चोरायचे नव्हते — असं वाटायचं तेव्हा.

परीक्षा निम्मी झाली असेल. वर्गात आवाज नाही, फक्त पेनांचा. आणि बाहेरून पॅसेजमध्ये बुटांचा आवाज आला. मला बुटांवरून कळलं. मी उठले आणि कडी लावली. दाराला ती उभी काच आहे ना, अरुंद, तिच्यातून बघते तर बॉइड, आणि हातात टॉमी. चाकं काढायची, लोखंडी. ओरडला नाही. म्हणाला, "ट्रेसा, चल." मी म्हटलं, "परीक्षा चालू आहे, बॉइड." आणि त्याने ती टॉमी दारावर घातली. काचेला हा इथून तिथपर्यंत तडा. पोरी किंचाळल्या, दोघं तिघं बाकांखाली गेली. आणि मी काय म्हणाले माहितेय? "लिहा. वेळ थांबलेली नाही." माझाच आवाज मला ओळखू येईना. आणि लिहायला लागली हो पोरं! दारावर घण पडावेत तसे घाव पडतायत, भिंतीवरचा नकाशा खाली आला, आणि पोरं माना खाली घालून लिहितायत, रडत रडत लिहितायत, एकाने बाकाखालीच वही गुडघ्यावर घेतली.

डेल्मरची प्रयोगशाळा समोरच. तो आला. "बॉइड, खाली ठेव ते," एवढंच म्हणाला. बॉइडने वळता वळता, नीट न बघताच, अशी फिरवली ती टॉमी — डेल्मरच्या कानावर. कान फाटला, अर्धा लोंबला, मी बघितला. डेल्मर लोखंडी कपाटांवर आदळला, सगळी रांग खणखणली. पण तरुणपणी कुस्ती खेळलेला माणूस, पडता पडता त्याने बॉइडच्या कमरेला मिठी मारली. दोघं खाली. टॉमी निसटली, मग मुठी, मग कोपरं, मग डोकी. बॉइड त्याचं डोकं धरून फरशीवर आपटत होता आणि प्रत्येक आपटण्याला "मध्ये — पडू — नकोस" असं तोडून तोडून म्हणत होता. डेल्मरचे दात फरशीवर. रक्तात बूट सरकत होते दोघांचे, उठायला जायचे आणि पुन्हा पडायचे. आणि मग डेल्मरने कसंबसं सुटून भिंतीवरचं ते लाल नळकांडं काढलं, आग विझवायचं, आणि एकदा हाणलं. बॉइड पडला. संपलं. शेरीफच्या कागदावर तेच आहे, जीव वाचवण्यासाठी एक फटका. पण काय जड असतं हो ते! मला वाटलेलं आत नुसता वायू, पोकळ असेल, उचललं तर मनगटच —

...

असं बघू नका माझ्याकडे.

बरं. म्हणाले ते म्हणाले. आता काय गिळणार? मी उचललं. डेल्मर कुठला उचलतोय, त्याचे डोळे पांढरे झाले होते. मी कडी काढली, बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं. बॉइडने मान वर केली. मी बघतेय ती त्याची मान नाही, हात बघतेय, उजवा. त्या हातावर घातलं पहिल्यांदा. कोपराचा आवाज आला. तो डेल्मरवरून बाजूला पडला, पाठीवर, आणि तिथे संपायला हवं होतं. शुद्धीवर होता, हत्यार नव्हतं, हात गेलेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, बास." ऐकलं मी. मोठ्याने म्हणाला. आणि मी गुडघ्यावर घातलं. मग पुन्हा त्याच गुडघ्यावर. "बाई, बास, बाई, बास," शाळेत छडी खाताना म्हणायचा तसंच, आणि मी घालतेय. डोक्यात काही नव्हतं. जबडा नव्हता, भुवया नव्हत्या, ट्रकचं दार नव्हतं — लोकांना वाटतं हे सगळं आठवत असेल मला तेव्हा. नाही. मला बरं वाटत होतं, एवढंच. वर्षभर हात मांडीवर ठेवून ते वाक्य म्हणत होते ना मी! हात मोकळा झाला की कसं वाटतं ते कळलं. तुम्ही कधी कुणाला मारलंय? — नाही ना. मग मान डोलावू नका.

थांबले कशाने? डेल्मरने घोटा धरला माझा. तोंडातून रक्ताचे बुडबुडे, आणि म्हणाला, "ऑर्फा, ते मला दे." मला वाटलं त्यालाही मारायचंय. तसं नव्हतं. त्याने ते नळकांडं स्वतःच्या छातीवर घेतलं, दोन्ही हात त्याच्यावर पुसले, आणि म्हणाला, "आत जा. तुझी परीक्षा चालू आहे." अहो, शिबिरात सगळ्यात मागे बसून पेंगायचा, पण हे बरोबर लक्षात ठेवलं होतं त्याने — कॉलेजचा वर्ग घ्यायची मान्यता शाळेला नसते, शिक्षकाला असते. माझ्या हातात बेड्या पडल्या की वर्ग रद्द, मार्क रद्द, सगळ्या पोरांचं वर्ष पाण्यात. ट्रेसाचं सुद्धा. त्याचा विषय आदल्याच आठवड्यात संपला होता, मार्क जाऊन पोहोचले होते. एवढा हिशेब, अर्धा कान लोंबत असताना! मी आत आले. कडी लावली. आणि वर बघते तर ट्रेसा त्या तडकलेल्या काचेपाशी उभी. तिने सगळं बघितलं होतं. माझ्याकडे बघितलं, जागेवर गेली, डाव्या हातात पेन घेतलं आणि उरलेलं उत्तर पूर्ण केलं. मी तपासलं ते नंतर. एक मार्क जास्त दिला नाही.

बॉइड का नाही बोलला? तो काय बोलणार? एका म्हाताऱ्या मास्तरणीने मोडून ठेवला असं सगळ्या खोऱ्यासमोर सांगण्यापेक्षा तो मेला असता. डेल्मरचं नाव आलं तेव्हा मान डोलावून हो म्हणाला. वर्गातल्या पोरांनी एवढंच सांगितलं की आम्ही माना खाली घालून लिहीत होतो. पॅसेजमधला कॅमेरा आमचा नेहमीच बंद. डेल्मरवर खटला झाला नाही, पण नोकरी गेली. त्या कानाने ऐकू येत नाही, आता बहिणीकडे राहतो, मधमाश्या पाळतो. मी रविवारी फोन करते, तो म्हणतो, "पोरं कशी आहेत?" मी म्हणते, चांगली आहेत. मग फोन ठेवतो.

ट्रेसा गेली कॉलेजात. दुसऱ्या वर्षात थेट. नर्स होणार. — हो, हो, तुमच्या पुस्तिकेत फोटो आहे तिचा, पाहिलाय मी, हसतेय. पण त्यात हे नाहीये की ती एकाआड एक रविवारी घरी येते आणि बापाला आंघोळ घालते. त्याचा तो पाय सरळ होत नाही आता, टबात उतरता येत नाही. मागच्या हिवाळ्यात दुकानात भेटली, बटाट्यांपाशी. मी मिठी मारायला पुढे झाले तर ती मागे सरली. जरासंच. आणि अगदी हळू विचारलं, "बाई, बाबा पडल्यावर का मारलंत?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी." तर म्हणाली, "नाही. तेही असंच म्हणायचे, प्रत्येक वेळी." बटाटे घेतले आणि गेली.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारी पश्चात्तापाने पोखरलीय. नाहीये. तुम्हाला ऐकायचं असेल ते मी नाही म्हणणार. तो उद्या टॉमी घेऊन आला तर मी पुन्हा बाहेर जाईन. मला भीती त्याची नाही वाटत, मला — बरं, ऐका. यंदा ओपल आहे माझ्या वर्गात. हो, तीच, धाकटी. बॉइडने स्वतः पाठवलं. पाठवलं म्हणजे गाडीतून आणून सोडतो, ऑगस्टपासून रोज, काठी टेकत दारापर्यंत येतो. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "घ्या बाई, हिलाही घ्या," आणि माझ्याकडे न बघता गेला. भीतीने म्हणाला की समजून म्हणाला, कुणास ठाऊक. मी म्हटलं, जिंकलो आपण! घरी जाऊन केक केला मी त्या दिवशी, एकटीने खाल्ला. आणि मग वर्ग सुरू झाला. हुशार आहे पोर, ट्रेसाहून हुशार. पण दारापाशीच बसते. आणि मी फळ्यावर लिहायला हात वर केला की डोकं खाली घालते, दोन्ही हात कानांवर, असं. लगेच सावरते, पेन पडल्यासारखं करते. बाकीच्यांना वाटतं पेन पडलं, पण ट्रेसाने तिला सगळं सांगितलेलं असणार. बापासमोर असंच करायची म्हणे लहानपणी. आता त्याच्यासमोर नाही करत. माझ्यासमोर करते.

तर हे सांगू का तुमच्या शिबिरात? नवीन शिक्षकांना? हात मांडीवर ठेवा आणि — नको. दुसरी कुणी बघा. तुमच्या फाइलीत लिहा की लिटल बाई फार कामात आहेत. आणि मी मघाशी जे बोलले ते लिहायचं तर तेही लिहा, पण जूनमध्ये लिहा. आधी पोरांचे मार्क कॉलेजात पोहोचू देत.

घंटा झाली. उठा. ती खुर्ची — अगं ये, ओपल, ये. आत ये ना. हे साहेब कुणी नाहीत, कॉलेजातून आलेत, निघालेच आहेत. बस तू. दार उघडंच ठेवते हां. — ओपल, मी आता फळ्यावर तारीख लिहिणार आहे. हात वर करणार आहे मी. बघितलंस? खडू आहे नुसता.

जा, साहेब.